अझोर्स-मादेइराचे पूर्वज शोधताना: कोणतं डीएनए किट घ्यावं, कोणती दप्तरं चाळावीत

न्यू बेडफर्ड, फॉल रिव्हर, कॅलिफोर्नियातलं दूधदुभत्याचं सॅन वाकीन खोरं, हवाईतले उसाचे मळे, बर्म्युडा, गयाना. या सगळ्या ठिकाणी अझोर्स आणि मादेइरा या पोर्तुगीज बेटांवरून गेलेल्यांची नातवंडं-पतवंडं राहतात, आणि त्यातल्या कितीतरी घरांत मूळ गावाचं नाव हरवलेलं आहे. पणजोबा ‘पोर्तुगालचे’ होते एवढीच आठवण उरते. अमेरिकेच्या जुन्या जनगणनेत कधी ‘पोर्तुगाल’, कधी ‘अझोर्स’, तर कधी नुसतं ‘वेस्टर्न आयलंड्स’ लिहिलेलं असतं. हे हरवलेलं गाव शोधायला आज ज्या सेवा वापरल्या जातात त्यांचं हे परीक्षण आहे. निकाल आधीच सांगतो. यातली सर्वांत मोलाची सेवा फुकट आहे: चर्चच्या नोंदवह्यांची ऑनलाइन छायाचित्रं. पैसे मोजून घ्यायचं डीएनए किट त्यानंतर येतं. गाव अजिबात माहीत नसेल किंवा वडिलांचं नावच नोंदीत नसेल, तरच ते पहिल्या क्रमांकावर जातं.

किटांपासून सुरुवात करू, कारण बहुतेकांची खरेदी तिथूनच सुरू होते.

एकच किट घ्यायचं असेल तर एन्सेस्ट्रीचं घ्या. चाचणीचा दर्जा हे त्याचं कारण नाही. सगळ्या मोठ्या कंपन्या जनुकसंचातल्या साधारण सहा-सात लाख जागा तपासतात आणि त्यात डावं-उजवं करण्यासारखं फारसं नसतं. फरक यादीचा, म्हणजे चाचणी केलेल्या माणसांच्या यादीचा आहे. बेटांवरून अमेरिकेत गेलेल्यांचे वंशज सर्वांत जास्त संख्येने याच यादीत आहेत आणि त्यांनी आपले वंशवृक्षही तिथेच मांडले आहेत. अमेरिकेत किटची छापील किंमत ९९ डॉलर असते, पण सणासुदीच्या सवलतीत ती बरीच खाली येते, त्यामुळे घाई नसेल तर नोव्हेंबरपर्यंत थांबावं.

नमुना देण्याआधी किटवरचा क्रमांक साइटवर नोंदवायला विसरू नका. नोंदणी नसलेली नळी प्रयोगशाळेत तशीच पडून राहते. अर्धा तास आधीपासून खाणं, पिणं, धूम्रपान, च्युइंगम सगळं बंद. लाळ रेषेपर्यंत भरायची, पण वरचा फेस त्यात धरायचा नाही. मग झाकणातला निळा द्रव सोडून नळी नीट हलवायची. नमुना नापास होण्याची कारणं ठरलेली आहेत: लाळ कमी, अन्नाचे कण, किंवा द्रव न मिसळणं. ऐंशीच्या पुढच्या माणसांचं तोंड कोरडं असतं, त्यांना नळी भरणं जड जातं. त्यांच्यासाठी मायहेरिटेज किंवा फॅमिलीट्री डीएनए यांचं गालाच्या आतून फिरवायच्या काडीचं किट सोपं. आणि चाचणी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाची आधी करा. आजीमध्ये जे पूर्ण आहे त्याचा सरासरी पाव हिस्साच नातवात उरतो.

निकालात टक्क्यांचा रंगीत नकाशा येतो. त्यावर फार वेळ घालवू नये. बेटांवरच्या माणसाला बहुधा पोर्तुगाल मोठ्या आकड्याने, त्याखाली स्पेन, आणि मग उत्तर आफ्रिका, पश्चिम आफ्रिका, ज्यू, वायव्य युरोप असे छोटे छोटे अंश दिसतात. यामागे खरा इतिहास आहे. मादेइरावर १५व्या शतकापासून उसाच्या मळ्यांत गुलाम राबवले गेले, धर्मांतरित ज्यू बेटांवर येऊन राहिले, अझोर्समधल्या फायाल बेटावर फ्लेमिश (फ्लँडर्सहून आलेल्या लोकांची) वसाहत झाली. पण एक-दोन टक्क्यांचा अंश संगणकीय अंदाजाच्या चुकीच्या मर्यादेतही बसतो आणि कंपनीने पद्धत सुधारली की नाहीसा होतो. टक्केवारीतून बेट कळत नाही, गाव तर नाहीच. तिच्यापेक्षा जुळण्या (ज्यांच्याशी तुमच्या डीएनएचे तुकडे जुळतात ती यादीतली माणसं) आणि वंशवृक्ष यांवरून काढलेला ‘समूह’ जास्त विश्वासाचा, पण तोही प्रदेशापाशीच थांबतो. दुत्रा किंवा सिल्व्हेइरा आडनाव आहे म्हणून फ्लेमिश टक्के शोधणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. १५व्या शतकातल्या एका पूर्वजाचा अंश या चाचणीत दिसेलच असं नाही, आणि ते आडनाव तर पुढे कितीतरी असंबंधित घरांत गेलं.

बाकीच्या सेवांबद्दल थोडक्यात. मायहेरिटेजवर युरोप आणि ब्राझीलमधली माणसं तुलनेने जास्त भेटतात आणि कोणत्या गुणसूत्रावरचा कोणता तुकडा जुळतो ते दिसतं. ही सोय एन्सेस्ट्री देतच नाही. मात्र तिथल्या बारीक तुकड्यांत खोट्या जुळण्या असतात, १५ सेंटिमॉर्गनखालच्या (सेंटिमॉर्गन हे जुळणाऱ्या डीएनएचं माप) यादीकडे बघूही नये. फॅमिलीट्री डीएनए हे पितृवंशाच्या वाय-गुणसूत्रासाठी आणि मातृवंशासाठी योग्य ठिकाण. ट्वेन्टीथ्रीअँडमीची यादी मोठी आहे, पण २०२३ मध्ये तिथून लाखो लोकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी अर्ज केला. आज पहिलं किट म्हणून ते घेण्याची शिफारस आम्ही करणार नाही. जेडमॅच ही चाचणी करणारी कंपनी नाही. इतर ठिकाणची कच्ची फाइल तिथे चढवायची आणि तुलना करायची. बेटांसाठी तिथलं एक साधन फार उपयोगी आहे: तुमचे आईवडील एकमेकांचे नातेवाईक होते का, हे ते दाखवतं. फाइल चढवताना पोलिस तपासासाठी ती खुली ठेवायची की नाही हा पर्याय विचारला जातो. तो वाचून निवडा, नुसतं पुढे जाऊ नका.

आकडे का फसवतात

जुळण्यांची यादी उघडली की पहिला धक्का बसतो तो संख्येचा. हजारो ‘चौथ्या पिढीचे भाऊबंद’ समोर येतात आणि त्यातले निम्मे कागदावर सापडत नाहीत. याचं कारण बेटांच्या इतिहासात आहे. कोर्व्हो बेटावर आजही चारशेच्या आसपास माणसं आहेत आणि वस्ती एकच. साओ जॉर्ज किंवा पिकोवरच्या गावांत चारशे-पाचशे वर्षं लग्नं शेजारच्या दोन-तीन गावांतच होत आली. त्यामुळे दोन माणसं एकमेकांशी एका नात्याने नाही, तर आठ-दहा दूरच्या नात्यांनी जोडलेली असतात, आणि प्रत्येक नात्याचा लहानसा तुकडा बेरजेत मिसळतो.

सामायिक डीएनए सेंटिमॉर्गनमध्ये मोजतात. शेअर्ड सीएम प्रोजेक्टच्या २०२०च्या आकड्यांनुसार सख्ख्या चुलत-मामे-मावस भावंडांत सरासरी ८६६, त्यांच्या मुलांमुलांत २२९, त्याच्या पुढच्या पिढीत ७३, आणि आणखी पुढच्या पिढीत ३५ सेंटिमॉर्गन जुळतात. हे आकडे सर्वसाधारण लोकसंख्येचे आहेत. बेटावरच्या जोडीला ते जसेच्या तसे लावले की नातं प्रत्यक्षापेक्षा एक-दोन पिढ्या जवळचं वाटतं, आणि मग १८८०च्या आसपासचा सामायिक पूर्वज शोधण्यात महिने जातात. तो मुळात १७८०च्या पलीकडे असतो.

म्हणून एकूण बेरीज नंतर बघायची, सर्वांत लांब तुकडा आधी. समजा दोन जुळण्या दोन्ही ६० सेंटिमॉर्गनच्या आहेत. पहिलीत दोन तुकडे आहेत, त्यातला लांब ४५चा. दुसरीत सहा तुकडे आहेत आणि लांबातला लांब १३चा. पहिली बहुधा खरंच जवळची, तिच्यामागे वेळ द्यावा. दुसरी ही जुन्या नात्यांची गोळाबेरीज, तिला बाजूला ठेवा. एन्सेस्ट्रीवर सामायिक आकड्यावर दाबलं की लांब तुकड्याची लांबी दिसते. तिथे कधी कधी लांब तुकडा एकूण बेरजेपेक्षा मोठा दिसतो आणि वापरणारा गोंधळतो. ९० सेंटिमॉर्गनखालच्या जुळण्यांत कंपनी गर्दीचे, म्हणजे फार जास्त लोकांशी जुळणारे, भाग वजा करून बेरीज दाखवते, तुकड्याची लांबी मात्र वजाबाकीच्या आधीची असते, म्हणून हे घडतं. हीच जोडी जेडमॅचवर मोठ्या आकड्याने दिसते त्याचंही एक कारण हेच.

जुळण्यांचे रंगीत गट पाडण्याची पद्धत सध्या लोकप्रिय आहे. चार आजी-आजोबांचे चार गट पडावेत अशी तिची अपेक्षा. चारही एकाच बेटावरचे असतील तर सगळा एकच मोठा गोळा होतो, आणि त्यात सेवेचा दोष नसतो. खालची मर्यादा ४०-५० सेंटिमॉर्गनपर्यंत वर नेली तर थोडं सुटं होतं. आजी फ्लोरेसची आणि आजोबा साओ मिगेलचे असतील, तर मात्र गट छान वेगळे पडतात.

गाव शोधण्यासाठी यादीचा खरा उपयोग वेगळा आहे. एन्सेस्ट्रीच्या जुळण्यांत जन्मस्थळावरून शोधता येतं. तिथे बेटांची आणि गावांची नावं एकेक करून टाका, २० सेंटिमॉर्गनच्या वरच्या प्रत्येक जुळणीच्या वंशवृक्षातली गावं एका तक्त्यात लिहा. पन्नासएक ओळी झाल्या की एखादं गाव पुन्हा पुन्हा वर येऊ लागतं. पण साओ मिगेल हे सर्वांत जास्त लोकवस्तीचं बेट, त्यामुळे त्याची नावं यादीत आपोआप जास्त येतात. ज्या जुळण्यांत एकच घराणं बेटांवरचं आहे आणि बाकीची आयरिश किंवा इंग्लिश, त्या सर्वांत मोलाच्या. तिथे धागा कुठून आला याची शंका उरत नाही.

गावाचं नाव

नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गाव सांगितल्याशिवाय घराणं सापडत नाही, तसंच इथे आहे. बेटांची सगळी दप्तरं चर्चच्या हद्दीनुसार, म्हणजे ‘फ्रेगेझिया’नुसार लावलेली आहेत. नुसत्या बेटाच्या नावावर वह्या उघडत बसणं म्हणजे आयुष्य घालवणं.

गाव आधी गेलेल्या देशातल्या कागदांत शोधावं. अमेरिकेत १९०६ नंतरच्या नागरिकत्वाच्या अर्जांत जन्मतारीख आणि जन्मस्थळ असतं. पहिल्या महायुद्धाच्या सैन्यनोंदणीत जून १९१७च्या फेरीत जन्मगाव विचारलेलं होतं, सप्टेंबर १९१८च्या फेरीत नाही, म्हणून कोणत्या फेरीचं कार्ड आहे ते आधी पाहा. सर्वांत खात्रीचा कागद म्हणजे कॅथलिक चर्चमधली लग्नाची नोंद. १९०८पासून चर्चच्या नियमानुसार लग्नाची खबर बाप्तिस्म्याच्या चर्चला कळवायची असे, त्यामुळे त्या चर्चचं नाव नोंदीत येण्याची शक्यता बरीच. सरकारी विवाह-दाखल्यात हे मिळत नाही. पोर्तुगीज परस्परसाहाय्य मंडळांची विम्याची कागदपत्रं, थडग्यावरची अक्षरं, जहाजाच्या यादीतलं मागे राहिलेल्या नातेवाइकाचं नाव, हे सगळंही तपासावं. हवाईच्या घराण्यांसाठी करारबद्ध मजुरांच्या जहाजयाद्या आहेत. त्यातलं पहिलं जहाज ‘प्रिसिला’ सप्टेंबर १८७८ मध्ये मादेइराहून होनोलुलूला पोचलं.

दोन ठिकाणी हमखास घसरण होते. अमेरिकी कागदात ‘फायाल’ लिहिलं असेल तर तो जन्मगावाचा पुरावा नाही. फायालवरचं ओर्ता हे देवमासे मारणाऱ्या जहाजांचं बंदर होतं, आणि पिकोचा किंवा साओ जॉर्जचा मुलगाही तिथूनच जहाजावर चढे. दुसरं, एकाच नावाची गावं अनेक बेटांवर आहेत. रिबेइरिन्या तेर्सेइरावर आहे, फायालवर आहे, पिकोवर आहे आणि साओ मिगेलवरही. सेद्रोस फायालवर आणि फ्लोरेसवर. सांतो आमारो पिकोवर आणि साओ जॉर्जवर. पोंता देल्गादा म्हटलं की सगळे साओ मिगेलच्या शहराकडे जातात, पण त्याच नावाचं गाव फ्लोरेसच्या उत्तर टोकाला आहे.

वह्या

इथून पुढचं काम फुकट आहे आणि तितकंच समाधान देणारं आहे. अझोर्सची दप्तरं तीन ठिकाणी आहेत. पोंता देल्गादाच्या ग्रंथालय-अभिलेखागारात साओ मिगेल आणि सांता मारिया, आंग्रा दो एरोइझमोला तेर्सेइरा, ग्रासिओझा आणि साओ जॉर्ज, आणि ओर्ताला फायाल, पिको, फ्लोरेस आणि कोर्व्हो. सीसीए या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रादेशिक सरकारच्या संकेतस्थळाने या वह्यांची पानं छायाचित्ररूपात खुली केली. बेट, तालुका, गाव, नोंदीचा प्रकार, वर्षं अशा पायऱ्यांनी वही उघडते. नावावरून शोध नाही, पान पान उलटावं लागतं, आणि कोणत्याही पैशाच्या सेवेत याहून भरवशाचं काही मिळत नाही. पत्ते बदलले आणि दुवा तुटला तर टोम्बो या संकेतस्थळावरून जावं. पोर्तुगालभरच्या वह्यांचे दुवे तिथे गावानुसार लावलेले आहेत. मादेइराच्या अभिलेखागाराचं काम आणखी एक पाऊल पुढचं: बाप्तिस्मा, लग्न आणि पासपोर्ट यांच्या सूचीत नावावरून शोधता येतं. त्या बेटांवर गाव माहीत नसतानाही कागदापासून सुरुवात करता येते, हा फार मोठा फायदा. फॅमिलीसर्च या वंशशोधाच्या संकेतस्थळावर दोन्हीकडच्या बऱ्याच वह्यांची मायक्रोफिल्मवरची छायाचित्रं आहेत. तिथली यंत्राने वाचलेली सूची मदतीला घ्यावी, पण नाव सापडलं नाही म्हणजे नोंद नाही असं धरू नये.

काळाचे टप्पे लक्षात असले की वेळ वाचतो. पोर्तुगालमध्ये सर्वांसाठी सक्तीची सरकारी नोंदणी १९११ मध्ये सुरू झाली, त्याआधी सगळं चर्चकडे. सरकारी नोंदीही कायम बंद नसतात: जन्माला १००, लग्नाला ५० आणि मृत्यूला ३० वर्षं झाली की त्या अभिलेखागाराकडे जातात. १८६०पासून नोंदींचा नमुना ठरला, आणि बाप्तिस्म्याच्या एकाच नोंदीत बाळ, आईवडील आणि चारही आजी-आजोबा मिळू लागले. म्हणून १८६० ते १९११ हा सोन्याचा काळ. समासात पुढच्या काळातल्या टिपाही असतात, त्याच माणसाचं लग्न कुठे झालं, मृत्यू कुठे झाला. त्या वाचल्याशिवाय पान मिटू नका.

१८६०च्या मागे गेलं की बाप्तिस्म्यात आजी-आजोबा बहुतेकदा गायब होतात. तिथे मार्ग बदलायचा आणि लग्नावरून लग्नावर जायचं. लग्नाच्या नोंदीत वधू-वर दोघांचे आईवडील आणि गाव असतं, मग त्या आईवडिलांचं लग्न वीस-तीस वर्षं मागे शोधायचं. लग्न बहुधा वधूच्या गावात लागे, म्हणून वराच्या गावात सापडलं नाही तर वधूचं गाव पाहायचं. विधवा किंवा विधुराच्या पुनर्विवाहात आईवडिलांऐवजी आधीच्या जोडीदाराचंच नाव लिहिलेलं असतं, तेव्हा पहिलं लग्न शोधावं लागतं.

वाचनातले खड्डे असे. महिना ‘७ब्रो’ लिहिला असेल तर तो सप्टेंबर, जुलै नव्हे. ‘८ब्रो’ ऑक्टोबर, ‘९ब्रो’ नोव्हेंबर, आणि रोमन दहापुढे ‘ब्रो’ म्हणजे डिसेंबर. नावं आखडून लिहितात. मानुएल, आंतोनियो, फ्रान्सिस्को यांची पहिली दोन-तीन अक्षरं आणि वर बारीक शेवटची अक्षरं. वहीच्या शेवटी सूची असेल तर ती आडनावाने नाही, पाळण्यातल्या नावाने लावलेली असते. ‘प्रिमेइरो दो नोमे’, म्हणजे या नावाचं पहिलं मूल, असे शब्द दिसले तर पुढे त्याच नावाचं दुसरंही असू शकतं. मूल दगावलं की तेच नाव पुढच्याला ठेवत. त्यामुळे सापडलेला पहिला मानुएल आपलाच असं समजू नये, मृत्यूची वही उघडून तो जगला का ते पाहावं. अमेरिकेत सांगितलेलं वय तीन-चार वर्षांनी चुकीचं असणं नेहमीचंच, म्हणून शोध पाच वर्षं मागे आणि पाच वर्षं पुढे ठेवावा.

आडनावांवर भरवसा ठेवून शोधणारे इथे लवकर थकतात. मुलं वडिलांचं, आईचं किंवा आजोबांचंही आडनाव घेत, एकाच घरातल्या भावांची आडनावं वेगळी असत. बायकांना बहुतेकदा आडनाव नसेच, असायचं ते श्रद्धेचं नाव: मारिया दे जेझुस, रोझा दो एस्पिरितो सांतो, आना दा कोन्सेइसाव. तीच बाई लग्नात एका नावाने आणि मुलाच्या बाप्तिस्म्यात दुसऱ्या नावाने येते. ती ओळखायची नवऱ्यावरून आणि आईवडिलांवरून. अमेरिकेत पोचल्यावर आणखी बदल: रोद्रिगेसचे रॉजर्स, पेरेइराचे पेरी, ओलिव्हेइराचे ऑलिव्हर, सिमोइंशचे सिमन्स, आणि अर्थ लावून रेइसचे किंग. वाय-गुणसूत्राच्या चाचणीत वेगवेगळ्या आडनावांचे पुरुष जुळले तर त्यावरून लगेच अनौरस संततीचा निष्कर्ष काढू नये. बेटांवर ते साहजिक आहे.

पासपोर्टांच्या नोंदवह्या फार चांगल्या, पण त्यात नाव नसणं हा पुरावा नाही. सैन्यभरती टाळण्यासाठी कितीतरी तरुण पासपोर्टाशिवाय रात्रीच्या वेळी जहाजांवर चढले.

कागद आणि डीएनए एकत्र येतात ते ठिकाण

लग्नाच्या नोंदीत ‘दिस्पेन्सादोस’ हा शब्द दिसला की थांबायचं. जवळच्या नात्यातल्या लग्नाला चर्चची सूट लागे आणि पाद्री ती किती ‘अंशांची’ ते लिहून ठेवे. दुसरा अंश म्हणजे सख्ख्या भावंडांची मुलं, तिसरा म्हणजे त्यांची मुलं, चौथा म्हणजे आणखी पुढची पिढी. ‘तिसरा-चौथा’ असं मिश्र लिहिलं असेल तर एका बाजूला एक पिढी जास्त. हे हिशेब दिवाणी कायद्याच्या मोजणीपेक्षा वेगळे आहेत, आणि अनेक वंशवृक्षांत चूक इथेच शिरते. ही सूट दोन कामं एकदम करते. आडनावं न जुळणारी दोन घरं कोणत्या पिढीत एक होती हे सांगते, आणि डीएनएमधली बेरीज का फुगली तेही. जेडमॅचच्या साधनात आईवडील नातेवाईक दिसले, तर त्या पिढीचं लग्न शोधून सूट लिहिली आहे का ते ताडून पाहावं.

काही नोंदी मात्र कागदावर बंदच होतात. ‘एक्सपोस्तो’ म्हणजे सोडून दिलेलं मूल, ‘पाइ इन्कोग्नितो’ म्हणजे वडील अज्ञात. आईचं नाव असेल तर तिच्या बाजूने पुढे जाता येतं. दोन्ही नसतील तर डीएनएखेरीज रस्ता नाही. अशा वेळी २०० सेंटिमॉर्गनच्या वरच्या, लांब तुकड्यांच्या जुळण्याच धराव्यात, त्यांचे वंशवृक्ष स्वतः नोंदवह्यांतून बांधावेत, आणि पुरुषवंश असेल तर वाय-गुणसूत्राची १११ खुणांची किंवा त्याहून मोठी चाचणी करावी. ती महाग आहे. घरातल्या दोन-तीन वयस्कर भावंडांची साधी चाचणी आधी करून घेतली तर कित्येकदा तिची गरजही पडत नाही.

आरोग्याच्या अहवालांबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मचाडो-जोसेफ व्याधी ही चालण्याचा, बोलण्याचा तोल हळूहळू घालवणारी आनुवंशिक व्याधी अझोर्सच्या घराण्यांत, विशेषतः फ्लोरेसवर, जास्त आढळते. १९७०च्या दशकात मॅसॅच्युसेट्स आणि कॅलिफोर्नियातल्या अझोर्स-वंशीय कुटुंबांमुळे ती वैद्यकाला माहीत झाली. आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला ती येण्याची शक्यता निम्मी. तिचं मूळ एका जनुकातल्या तीन अक्षरांच्या वाढलेल्या पुनरावृत्तीत आहे, आणि वंशशोधाच्या किटमधलं तंत्र अशा पुनरावृत्ती मोजत नाही. त्यामुळे किटचा अहवाल ‘स्वच्छ’ आला म्हणजे ती नाही असं होत नाही. घराण्यात कुणाला असा त्रास असेल तर जनुकीय समुपदेशकाकडे जाऊन वेगळी वैद्यकीय चाचणी करावी, आणि तीही घरच्यांशी बोलून.

वसई आणि गोव्याच्या वाचकांसाठी दोन शब्द, कारण परेरा, डिसोझा, रॉड्रिग्ज ही आडनावं तिथेही आहेत. ती बहुतांश बाप्तिस्म्याच्या वेळी दिली गेली, रक्ताने आलेली नाहीत. त्यामुळे निकाल जवळजवळ पूर्णपणे दक्षिण आशियाचा येईल, आणि अझोर्सच्या त्याच आडनावाच्या माणसाशी जुळणी नसण्यात नवल नाही. या घराण्यांनी किटचे पैसे वाचवून आपल्याच चर्चच्या वह्यांकडे आणि पणजीच्या अभिलेखागाराकडे वळावं. पोर्तुगीज नागरिकत्वाच्या विचाराने किट घेणाऱ्यांनीही तेच करावं, कारण तिथे टक्केवारी चालत नाही, जन्म-लग्नाच्या नोंदी मागतात.

मॅसॅच्युसेट्स आणि कॅलिफोर्नियातल्या काही मराठी घरांत मात्र हा शोध थेट लागू होतो: आई मराठी, वडील अझोर्स-वंशीय, किंवा उलट. या मुलांची यादी वाचायला सोपी असते. मराठी बाजूचे नातेवाईक या कंपन्यांच्या यादीत तुरळक असल्याने जवळपास सगळ्या जुळण्या बेटांकडच्याच निघतात, आणि कोण कोणत्या बाजूचं हे वेगळं करण्याची मेहनत वाचते. बेटांवरच्या आपसातल्या लग्नांचा फुगवटा तसाच राहतो. म्हणून शक्य असेल तर मुलांऐवजी अझोर्स-वंशीय आजी किंवा आजोबांची चाचणी करावी, आणि मुलांसाठीचं किट तूर्त बाजूला ठेवावं.